तारा खऱ्या, आवाज हिशेबाचा

गेल्या अंकात या सदरात डिजिटल मॉडेलिंग गिटारची तोंडओळख करून दिली होती. त्यानंतर जी पत्रे आली त्यांत कौतुक थोडे आणि कुरकुर फार आहे. ज्यांच्या वाचनात तो अंक आला नसेल त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, या गिटारीला तारा, मान आणि फ्रेट (मानेवरच्या आडव्या पट्ट्या) नेहमीसारखेच असतात. मात्र तारांच्या कंपनातून निघालेला संकेत सरळ अ‍ॅम्प्लिफायरकडे न जाता आधी गिटारीतल्या, किंवा तिला जोडलेल्या डब्यातल्या, छोट्या संगणकाकडे जातो आणि तिथे त्याच्यावर दुसऱ्याच एखाद्या गिटारीचा आवाज चढवला जातो. रोलँडच्या व्हीजी-८ या यंत्राने १९९५ साली ही वाट उघडली, २००२-०३ च्या सुमारास लाइन सिक्सच्या व्हेरिअ‍ॅक्सने सगळी यंत्रणा गिटारीच्या पोटातच बसवली, आणि २००७ मध्ये फेंडर व रोलँड यांनी मिळून फेंडरच्याच स्ट्रॅटोकास्टर गिटारीच्या अंगातही ती घातली. वाचकांच्या तक्रारी ज्या वाद्यांबद्दल आहेत त्यांची नावे मात्र मी मुद्दामच गाळली आहेत, कारण बहुतेक तक्रारींचे मूळ एखाद्या कंपनीत नसून या पद्धतीतच आहे.

प्रश्न : मी बारा वर्षे एकच पारंपरिक इलेक्ट्रिक गिटार वाजवत आलो. आमच्या बँडला एका कार्यक्रमात चार-पाच वेगवेगळ्या गिटारींचे आवाज लागतात, म्हणून सहा महिन्यांपूर्वी मॉडेलिंग गिटार घेतली. ध्वनिमुद्रण ऐकताना आवाजात खोट काढता येत नाही, पण वाजवताना सारखे वाटत राहते की हातात एक गिटार आहे आणि ऐकू येते ती दुसरीच. सोबतचे वादक म्हणतात, हा मनाचा खेळ आहे. खरेच तसे आहे का?

उत्तर : नाही, आणि आपल्या सोबत्यांनी असे म्हणण्याचे कारणही उघड आहे : ते आपली गिटार ऐकतात, वाजवत नाहीत. आपल्याला जाणवणारा फरक कानापेक्षा हाताचा अधिक आहे.

पारंपरिक इलेक्ट्रिक गिटारीच्या पिकअपमध्ये चुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. पोलादी तार त्या चुंबकांवर हलली की वेढ्यांत वीज निर्माण होते, आणि ती तारेच्या वेगाच्या प्रमाणात असते. मॉडेलिंग गिटारीत बहुधा ब्रिजवरच्या (तारा जिथे गिटारीच्या अंगाशी संपतात त्या भागावरच्या) प्रत्येक सॅडलखाली, म्हणजे तार टेकते त्या छोट्या आधाराखाली, एकेक पिएझो स्फटिक असतो आणि तार सॅडलला किती जोराने ढकलते आहे हे तो सांगतो. म्हणजे पहिला पिकअप तारेच्या पोटाशी कान लावून ऐकतो, तर दुसरा तार जिथे संपते त्या उंबरठ्याशी. उंबरठ्यावर ऐकलेल्या आवाजावरून पोटाशी काय ऐकू आले असते, हे संगणकाला हिशेबाने काढावे लागते.

तो हिशेब कसा होतो हे पाहण्यासारखे आहे, कारण त्याशिवाय तो कुठे तोकडा पडतो हे कळणार नाही. स्ट्रॅटोकास्टरचा मानेजवळचा पिकअप ब्रिजपासून तारेच्या लांबीच्या साधारण पाव अंतरावर असतो. मोकळ्या तारेचा चौथा हार्मोनिक (मूळ सुराच्या चौपट कंपनसंख्येचा उपस्वर) नेमका त्या ठिकाणी स्तब्ध असतो, त्यामुळे तो त्या पिकअपला ऐकूच येत नाही आणि आवाजात तेवढ्या जागी एक पोकळी राहते. सर्वांत जाड ई तार ८२.४ हर्ट्झची, म्हणून तिची पोकळी ३३० हर्ट्झच्या आसपास. सर्वांत बारीक ई तार ३२९.६ हर्ट्झची, म्हणून तिची पोकळी १,३१८ हर्ट्झच्या आसपास. प्रत्येक तारेची पोकळी निराळी असल्यामुळेच या गिटारींना सहा तारांचे सहा वेगळे संकेत लागतात. एकाच पिकअपमधून आलेल्या एकत्र संकेतावर हे काम होत नाही. गंमत अशी की, तार कोणत्याही फ्रेटवर दाबली तरी ही पोकळी जागची हलत नाही, कारण ती तारेतल्या लहरीच्या वेगावर आणि पिकअपच्या ब्रिजपासूनच्या अंतरावर ठरते, दाबलेल्या स्वरावर नाही. म्हणून आपण कोणता स्वर वाजवला हे संगणकाला आधी ओळखावे लागत नाही. ज्याने हे पहिल्यांदा जुळवून आणले त्याचे मला आजही कौतुक वाटते.

पण या हिशेबात काही गोष्टी येत नाहीत, किंवा येतात त्या ठोकळेबाजपणे येतात. आपण तार ओढून सूर एका स्वराने चढवला की तिचा ताण वाढतो, लहरीचा वेग सुमारे बारा टक्क्यांनी वाढतो आणि खऱ्या गिटारीत ती पोकळीही सुरासोबत वर सरकते. ठरावीक जागी बसवलेल्या हिशेबात ती आहे तिथेच राहते. चुंबक तारेला किंचित ओढून धरतात, आणि ते तारेच्या फार जवळ असले तर जाड तारेचा सूर थरथरतो. हा खरे तर दोष, पण तो ज्यांच्या बोटांत मुरला आहे त्यांना त्याची उणीव जाणवते. जोरात छेडले की तार चुंबकीय क्षेत्राच्या असमान भागांतून झोके घेते आणि स्वराला एक बारीकशी धार येते. बारा वर्षांत आपल्या हाताने या सगळ्याचा अदमास घेऊन स्वतःला घडवले आहे. आता हात तेच करतो, पण समोरून ओळखीचे उत्तर येत नाही.

सर्वांत मोठा फरक उजव्या हाताच्या तळव्यात आहे. पाम म्यूट करताना आपण तळहाताची कड ब्रिजवर टेकवतो. चुंबकीय पिकअपला त्या कडेचा स्पर्श ऐकू येत नाही, त्याला फक्त दबलेली तार ऐकू येते. पिएझोच्या मात्र थेट डोक्यावरच आपण हात ठेवलेला असतो. त्यामुळे दबलेल्या स्वराच्या सुरुवातीला प्लॅस्टिकच्या पट्टीवर नख मारल्यासारखा टणक, कोरडा आवाज येतो, आणि अ‍ॅम्पवर डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणे) चढवले की तो अधिकच उघडा पडतो. एक उपाय करून पाहा. तळहाताची कड सॅडलवर न टेकता तीन-चार मिलिमीटर पुढे, केवळ तारांवर टेकवा आणि पिकचा कोन थोडा तिरपा करा. पहिला आठवडा हात हमखास जुन्या जागी परत जाईल. पुढे मात्र तो टणकपणा बराच कमी होतो, असा माझा स्वतःचा अनुभव आहे. शिवाय आपल्या गिटारीत चुंबकीय पिकअपही असतील, तर पाम म्यूटवर उभी असलेली गाणी सरळ त्यांच्यावरच वाजवावीत. त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : माझ्या गिटारीत एका बटणाने सहाही तारांची जुळवणी बदलते. रंगमंचावर ही सोय वरदान वाटते, पण घरी हळू आवाजात वाजवताना सगळे बेसूर ऐकू येते. शिवाय पूर्वी अ‍ॅम्पसमोर उभे राहून मी स्वर लांबवत असे, तसा फीडबॅक आता मिळत नाही. गिटार बिघडली असेल का?

उत्तर : गिटार ठणठणीत आहे. दोन्ही तक्रारींचे कारण एकच आहे : तार एका सुरात हलते आहे आणि स्पीकर दुसऱ्याच सुरात बोलतो आहे.

समजा, आपण बटणाने जाड ई तार एका स्वराने उतरवून डी केली. प्रत्यक्षात ती तार ८२.४ हर्ट्झनेच कंप पावते. संगणक तिचा ७३.४ हर्ट्झ करून बाहेर पाठवतो. भरीव लाकडाची गिटार अ‍ॅम्पशिवायही शांत खोलीत बऱ्यापैकी ऐकू येते. त्यामुळे हळू आवाजात वाजवताना कानावर ई आणि डी एकाच वेळी पडतात, आणि एका स्वराच्या अंतरावरचे दोन स्वर असे चिकटून वाजले की ते खटकणारच. सगळी गिटार अर्ध्याच स्वराने उतरवली तर भांडण आणखी कडवट होते. मोठ्या आवाजात तारांचा मूळ नाद झाकला जातो, म्हणून रंगमंचावर ते जाणवत नाही. घरी कान पूर्ण झाकणारे हेडफोन वापरावेत. उघड्या पाठीचे हेडफोन या कामाचे नाहीत.

फीडबॅकचे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण इथे पारंपरिक गिटार आणि तिचा अ‍ॅम्प मिळून काय करतात ते नीट दिसते. स्पीकरमधला आवाज हवेतून गिटारीपर्यंत येतो आणि तारेला हलवतो, तारेचा स्वर पिकअपमधून पुन्हा स्पीकरकडे जातो, आणि हे चक्र फिरत राहिल्यामुळे स्वर मिटत नाही. तारेला ढकलणारा सूर तिचा स्वतःचा किंवा तिच्या एखाद्या हार्मोनिकचा असेल तरच ती त्याला दाद देते. आपल्या गिटारीत स्पीकर डी म्हणतो, आणि तार तर ईवर ताणलेली. ती त्या हाकेला ओ देत नाही. कधी एखादा वरचा हार्मोनिक योगायोगाने जुळला तर भलतीच किंचाळी उठते, तीही आपल्याला नको त्या जागी. म्हणून ज्या गाण्यात लांबवलेला स्वर हवा असेल तिथे बटणाची जुळवणी बंद ठेवून तारा प्रत्यक्ष त्या सुरात लावाव्यात. जुळवणी न बदलता केवळ कोणत्या गिटारीची नक्कल करायची ते बदललेले असेल तर फीडबॅक मिळतो, कारण तेव्हा तार आणि स्पीकर एकाच सुरात असतात. आपणच हा प्रयोग करून पाहा, दोन मिनिटांत खात्री पटेल.

या सोयीची आणखी एक छुपी उणीव सांगून ठेवतो. सहा पिएझो कागदोपत्री वेगळे असले तरी ते एकाच ब्रिजवर शेजारी-शेजारी बसलेले असतात आणि शेजाऱ्याचे बोलणे त्यांना थोडे ऐकू येतेच. डॅडगॅड (जाड तारेपासून डी-ए-डी-जी-ए-डी) जुळवणी निवडली की सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेका स्वराने उतरते, पाचवी तशीच राहते. आता हेडफोन लावा आणि पाचवी तार, म्हणजे ए, एकटीच जोरात छेडा. तिचा थोडा अंश सहाव्या तारेच्या पिएझोत गळतो, आणि त्या वाटेवरचे सगळेच एका स्वराने उतरवायचे असल्यामुळे तो अंश जी होऊन बाहेर पडतो. ए च्या मागे जी ची ही पुसट सावली साध्या आवाजात कुणाच्या लक्षात येत नाही. कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजांतला फरक कमी करणारे यंत्र) किंवा जास्त डिस्टॉर्शन लावले की ती वर येते. त्यामुळे बदललेल्या जुळवणीसोबत डिस्टॉर्शन नेहमीपेक्षा कमीच ठेवावे. एक गोष्ट मात्र या गिटारीच्या बाजूने सांगायलाच हवी : पायाखालच्या सूर-बदल पेडलला अख्खी कॉर्ड एकदम उचलावी लागते, इथे प्रत्येक तार स्वतंत्रपणे सरकते, म्हणून कॉर्ड कितीतरी स्वच्छ राहतात.

प्रश्न : पारंपरिक गिटारीवर मी जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा जुन्या धाटणीचा फझ पेडल (आवाज खरखरीत करणारा पायाखालचा डबा) वापरतो. व्हॉल्यूमचा नॉब दहावरून सातवर आणला की आवाज सुंदर निवळतो. मॉडेलिंग गिटारीवर नॉब फिरवला की आवाज फक्त बारीक होतो, निवळत नाही, आणि पूर्ण उघडल्यावर तर कानाला टोचतो. दोष पेडलचा की गिटारीचा?

उत्तर : दोघांचाही नाही, त्यांची सोयरीक जुळत नाही, एवढेच.

१९६६ मध्ये आलेल्या फझ फेससारख्या पेडलचा इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या संकेताला होणारा विद्युत अडथळा) फार कमी असतो. असा पेडल गिटारीला स्वतःपासून वेगळी समजतच नाही. पिकअपचे वेढे, व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा फिरता रोध) आणि मधली केबल हे सगळे मिळून त्याच्या सर्किटचाच भाग होऊन जातात. वेढ्यांमुळे वरच्या पट्टीतला तिखटपणा आपोआप वळणावर राहतो. नॉब सातवर आणला की पिकअप आणि पेडल यांच्यामध्ये पॉटचा रोध येऊन बसतो, पहिल्या ट्रान्झिस्टरवरचा भार बदलतो, आणि ज्याला आपण निवळणे म्हणता ते घडते. मॉडेलिंग गिटारीच्या आउटपुटला इलेक्ट्रॉनिक बफर (मागचे सर्किट पुढच्यापासून वेगळे ठेवून संकेत पुढे पाठवणारा भाग) असतो. पेडलच्या दृष्टीने पलीकडे पिकअप नाही, पॉट नाही, केबलची लांबीही नाही. नुसता एक कणखर संकेत आहे. नॉब फिरवून आपण फक्त संगणकाला एक आकडा कळवता.

यावर दोन उपाय आहेत. गिटारीत चुंबकीय पिकअप असतील आणि त्यांचा संकेत बफरला वळसा घालून बाहेर येत असेल, तर फझपुरते त्यांच्यावर जावे. नाहीतर पिकअप सिम्युलेटर नावाचे छोटे सर्किट फझच्या आधी लावावे. त्यात पिकअपच्या वेढ्यांची जागा घेणारे कॉइल किंवा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, आणि त्याने टोचणे बरेच कमी होते. व्हॉल्यूमचे निवळणे पूर्ण परत हवे असेल तर मात्र सिम्युलेटर आणि पेडल यांच्यामध्ये एक पॉट लागतो, म्हणजे तो नॉब गिटारीवर नव्हे, पायाशी येतो. मला स्वतःला ही तडजोड कधीच मानवली नाही. फझ वाजवायचा असेल तेव्हा मी जुनी गिटार काढतो.

प्रश्न : मॉडेलिंग गिटार हाताच्या मागे पडते असे मला वाटते. हा भास आहे का?

उत्तर : गिटारीपुरता बहुधा भासच. संकेत आकड्यांत उतरवून, हिशेब करून परत बाहेर काढायला काही मिलिसेकंद लागतात हे खरे. पण आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे अ‍ॅम्पपासून तीन मीटर अंतरावर उभे राहिले की जवळपास नऊ मिलिसेकंद उशीर तसाही होतो आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. खरी अडचण बेरजेची असते. गिटारीचे दोन-तीन, वायरलेसचे तितकेच, मग डिजिटल पेडल, मग डिजिटल मिक्सर. प्रत्येक जण थोडा वेळ घेतो. एकेक यंत्र काढून पाहिले की चोर सापडतो. ब्लूटूथ हेडफोनने सराव करत असाल तर शोधही घ्यायला नको, तिथे शंभर मिलिसेकंदांहूनही अधिक उशीर सहज होतो. गिटारीच्या स्वरावरून दुसऱ्याच वाद्याचा कृत्रिम आवाज काढणाऱ्या गिटार सिंथेसायझरची गोष्ट मात्र निराळी. त्याला वाजवलेला स्वर आधी ओळखावा लागतो, आणि जाड ई तारेचे एक आंदोलन पुरे व्हायलाच बारा मिलिसेकंद लागतात, म्हणून तो खालच्या स्वरांवर अडखळतो.

प्रश्न : आपले सदर मी आवडीने वाचते, पण गेल्या अंकातला आपला सूर जरा जुनाट वाटला. विजेची गिटार आली तेव्हा साध्या गिटारीवाल्यांनीही असेच नाक मुरडले असणार. डोळे बांधून ऐकवले तर आपल्याला तरी खरी आणि मॉडेलिंग गिटार ओळखता येईल का?

उत्तर : बँडच्या ध्वनिमुद्रणात, ड्रम आणि बेस सोबत असताना, येणार नाही. हे अंदाजाने म्हणत नाही. एका मित्राने मला सहा तुकडे ऐकवले होते, त्यांतले तीन मी चुकलो, म्हणजे नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी तेवढेच गुण मिळाले असते. त्या दिवसापासून आवाजाच्या हुबेहूबपणावर मी वाद घालत नाही.

पण आपली तुलना मला पुरती पटत नाही. जॉर्ज बीचम यांनी १९३१ मध्ये तव्याच्या आकाराची जी विजेची गिटार घडवली, आणि जी पुढच्या वर्षी रिकेनबॅकरच्या कारखान्यातून विक्रीला आली, ती साध्या गिटारीची नक्कल म्हणून फार काळ राहिली नाही. अ‍ॅम्प फाटेपर्यंत वाढवणे, फीडबॅक, लांबवलेले स्वर, हे सगळे साध्या गिटारीला न जमणारे तिने स्वतःचे म्हणून उभे केले. मॉडेलिंग गिटार अजून प्रामुख्याने १९५२ ची लेस पॉल कशी वाजायची आणि १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर कशी वाजायची, हेच सांगण्यात गुंतलेली आहे. जिथे ती नक्कल सोडते, म्हणजे एका कार्यक्रमात सात जुळवण्या, किंवा पहिल्या तीन तारांवर बारा तारांचा आवाज आणि उरलेल्या तिघींवर काही वेगळेच, तिथे ती मला खऱ्या अर्थाने नवी वाटते, आणि तिथे माझी तक्रारही नसते. आपणही त्या बाजूने तिच्याकडे पाहत असाल तर आपले एकमत आहे. सूर जुनाट लागला असेल तर त्याला माझे वयही थोडे जबाबदार आहे, हे मान्य करतो.

प्रश्न : नऊ-दहा वर्षे जुनी मॉडेलिंग गिटार माझ्याकडे आहे. मागच्या महिन्यात कार्यक्रमाच्या ऐन मध्यात बॅटरी संपली आणि गिटार मुकी झाली. नवी बॅटरी मिळता मिळेना. जुळवण्या बदलण्याचे सॉफ्टवेअरही नव्या संगणकावर चालत नाही. दुरुस्त करणाऱ्याने सर्किट बोर्डाकडे पाहून हात वर केले. आता काय करावे?

उत्तर : आलेल्या पत्रांतली ही सर्वांत रास्त तक्रार आहे, आणि माझ्याकडे तिचे पूर्ण उत्तर नाही.

सत्तर वर्षांपूर्वीची इलेक्ट्रिक गिटार आज माझ्या टेबलावर आली तर तिच्यात बिघडण्यासारखे काय असते? दोन-चार पॉट, २५० किंवा ५०० किलोओहमचे, एक कपॅसिटर, एक स्विच, एक जॅक. यांतला प्रत्येक भाग आजही सुटा मिळतो आणि सोल्डरच्या एका डागात बसतो. पिकअपचा वेढा तुटला तरी तो पुन्हा गुंडाळता येतो. मॉडेलिंग गिटारीत मात्र त्याच वाद्यासाठी घडवलेला बोर्ड, त्याच आकाराची बॅटरी आणि त्या-त्या काळच्या संगणकासाठी लिहिलेले सॉफ्टवेअर असते. लाकूड आणि फ्रेट अजून तीस वर्षे चालतील अशा अवस्थेत असताना गिटारीचे आयुष्य तिच्यातला सर्वांत अल्पायुषी भाग ठरवतो. लाकडी वाद्याला मोबाइल फोनचे आयुष्य मिळावे, हे मला अजूनही पटत नाही.

तरीही हातात असलेले वाद्य जास्त काळ टिकवण्यासाठी काही करता येते. गिटारीला केबलमधून वीजपुरवठा घेण्याची सोय असेल तर रंगमंचावर तिच्यावरच विसंबावे आणि बॅटरी केवळ आधाराला ठेवावी. लिथियमची बॅटरी पूर्ण रिकामी करून महिनोन्‌महिने ठेवू नये, ठेवायचीच तर अर्धी भरून ठेवावी. सॉफ्टवेअर ज्या जुन्या संगणकावर चालत होते तो मोडीत काढला नसेल तर इंटरनेटपासून तोडून केवळ या कामासाठी बाजूला ठेवावा, आणि आपल्या सगळ्या जुळवण्या आजच त्यावर उतरवून घ्याव्यात. फाइल म्हणून आणि वहीत लिहूनही. बॅटरीच्या आतले सेल बदलून देणारे कारागीर असतात, पण लिथियमचे काम धोक्याचे आहे, ते जाणकाराकडूनच करून घ्यावे. एवढ्यानेही जमले नाही आणि गिटारीचा हात आपल्याला आवडत असेल, तर शेवटचा मार्ग उरतो : इलेक्ट्रॉनिक्स काढून तिला साधे चुंबकीय पिकअप बसवणे. मी असे दोनदा केले आहे. काही सुरुवातीच्या मॉडेलांत चुंबकीय पिकअप मुळातच नसतात, तिथे लाकूड कोरावे लागते, म्हणून घाई करू नये.

ऐन कार्यक्रमात गिटार मुकी होण्याचे म्हणाल, तर ज्या गिटारीत चुंबकीय पिकअप बॅटरीशिवायही बोलतात तीच रंगमंचावर न्यावी, हा नियम मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगतो.

प्रश्न : माझी पंधरा वर्षांची मुलगी गिटार शिकते आहे. दोन वर्षे साधी गिटार वाजवल्यावर तिला आता इलेक्ट्रिक हवी आहे. एकाच गिटारीत पंचवीस गिटारी मिळत असतील तर मॉडेलिंग गिटारच घेणे शहाणपणाचे नाही का?

उत्तर : नाही, निदान पहिली म्हणून तरी नाही. दोन पिकअपची साधी, नीट लावलेली गिटार आणि छोटा अ‍ॅम्प घ्यावा. पंचवीस आवाज हाताशी असले की शिकणारा आवाज बदलतो, हात बदलत नाही. पिक ब्रिजपाशी मारले तर काय होते, मानेपाशी मारले तर काय होते, नॉब थोडा खाली आणला तर काय होते, हे तिला एका गिटारीवर कळू द्यावे. तरीही वेगवेगळ्या आवाजांची हौस असेल तर ती मॉडेलिंग अ‍ॅम्पने भागते, आणि तो जुना झाला तर बदलताही येतो. गिटार तीच राहते. आणि मुलीला दुकानात सोबत न्यावे. मान तिच्या हातात बसते की नाही, हे आपल्यापेक्षा तिला चटकन कळेल.

प्रश्न : मॉडेलिंग गिटारीला नेहमीपेक्षा जाड तारा लावल्या तर संगणकाचा हिशेब बिघडतो का?

उत्तर : जाडीमुळे नाही. लांबी तीच आणि सूर तोच असेल तर तारेतल्या लहरीचा वेगही तोच राहतो, मग तार दहाची असो की अकराची (म्हणजे इंचाचे दहा की अकरा हजारांश). हिशेब सरकतो तो तारा प्रत्यक्ष उतरवल्या तर. सगळी गिटार एका स्वराने खाली लावली की पहिल्या उत्तरात सांगितलेली पोकळी सुमारे अकरा टक्के खाली येते आणि संगणक ती जुन्याच जागी धरून बसतो. जाड तारांचा ताण मात्र वाढतो, म्हणून मानेतला रॉड आणि नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा तपासून घ्याव्यात, आणि सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक तारेची पातळी वेगळी ठेवण्याची सोय असेल तर तारा बदलल्यावर सहाही तारा एकेक छेडून ती पुन्हा जुळवून घ्यावी.